मियाटा घेतलीत? मग हात कसा करायचा ते बघून घ्या

इकडे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आपली बरीच मंडळी चाळिशीला टेकली, पोरं जरा मोठी झाली की एक दिवस गुपचूप माझदाची जुनी मियाटा, म्हणजे दोन सीटची, छत उघडणारी छोटी गाडी, घरी घेऊन येतात. चॉइस उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पहिल्याच रविवारी टॉप उघडून स्कायलाइन रस्त्याला जातात, समोरून दुसरी मियाटा येते, आतला माणूस हात वर करतो आणि आपला माणूस गडबडतो, की हा ओळखीचा होता का, माझा इंडिकेटर चालू राहिलाय का, टायर बसला का, का पुढे मामा उभा आहे. यातलं काही नसतं. तो फक्त "काय, बरंय ना" एवढंच म्हणत असतो आणि त्याला उत्तर कसं द्यायचं हे कोणी शिकवत नाही, डीलर तर नाहीच नाही, म्हणून हे लिहितोय.

मुख्य गोष्ट आधी सांगून टाकतो, बाकी सगळं त्यातूनच निघतं. हात असा करायचा की त्यापायी समोरच्याला काहीही करावं लागू नये. त्याने दचकायला नको, ब्रेकवर पाय जायला नको, आरशात बघत विचार करत बसायला नको, आणि परत हात केलाच पाहिजे असं ओझंही नको. एवढं डोक्यात ठेवलं तरी ऐंशी टक्के काम झालं.

ही पद्धत मियाटावाल्यांनी काढलेली नाही, बरीच जुनी आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत एमजी टीसी ही छोटी उघडी स्पोर्ट्स कार यायला लागली. इंग्लंडात ॲबिंग्डनला बनायची, १९४५ ते १९४९ या काळात साधारण दहा हजार बनल्या आणि सगळ्याच्या सगळ्या उजव्या स्टिअरिंगच्या. युद्धात तिकडे राहून आलेल्या अमेरिकन सैनिकांना या असल्या गाड्यांची चटक लागलेली होती. आता रस्त्यावर सगळीकडे अवाढव्य ब्यूक आणि कॅडिलॅक चालल्यात आणि तुम्ही मधूनच ही तारांच्या चाकांची, चुकीच्या बाजूला स्टिअरिंग असलेली इवलीशी गाडी घेऊन चाललाय, आणि समोरून तसलंच दुसरं येडं येतंय, तर हात वर जाणारच ना. पुढे ट्रायम्फ आल्या, ऑस्टिन-हीली आल्या, काही लोक हेडलाइटही मारायचे. या ब्रिटिश गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम बहुतेक लुकास कंपनीचं आणि लुकासला हौशी लोक आजही चेष्टेने अंधाराचा राजपुत्र म्हणतात, त्यामुळे समोरच्याला दिवा मारण्यात आपला दिवा चालू आहे का तेही बघून घेण्याचा भाग असावा असा माझा आपला संशय.

मग १९५३ ला शेव्हरलेची स्पोर्ट्स कार कॉर्व्हेट आली, पहिल्या वर्षी मिशिगनमधल्या फ्लिंटला फक्त ३०० बनवल्या, सगळ्या बाहेरून पांढऱ्या आणि आतून लाल. कॉर्व्हेटवाल्यांचा एकमेकांना हात करण्याचा रिवाज अजून चालू आहे आणि ते लोक तो फार सिरियसली घेतात, त्याच्याकडे पुढे येतो. मियाटा दाखवली फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोला, १६०० सीसी, ११६ हॉर्सपॉवर, किंमत १३,८०० डॉलरपासून पुढे. जुन्या ब्रिटिश रोडस्टरची, म्हणजे दोन सीटच्या उघड्या गाडीची, सगळी मजा पण रोज सकाळी न चुकता चालू होणारी, असा एकूण मामला होता, तर तो हातही तिच्याबरोबर आपोआपच आला. २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी गाडी बनली, म्हणजे दुर्मिळ बिर्मिळ काही राहिली नाही, पण सवय टिकली.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, समोरून येणारा पण तुमच्या डावीकडून जातो, म्हणजे त्याला दिसणारा हात तुमचा डावा. आणि मियाटा बहुतेक मॅन्युअल असते, उजवा हात गिअरवर, म्हणजे स्टिअरिंग धरलेला एकमेव हात पण तोच डावा. इथेच गोची आहे. गिअर टाकता टाकता समोरचा दिसला आणि तुम्ही डावा हात उचलला तर त्या क्षणाला गाडी कोणीच चालवत नाहीये. त्यामुळे क्रम असा, की गिअर पूर्ण टाकून झालाय, उजवा हात परत स्टिअरिंगवर आलाय, रस्ता सरळ आहे, मग डावा उचलायचा. हे तीन जमत नसेल तर हात सोडून द्या, मान हलवा. मानही हलवायला सवड नसेल तर काही करू नका, समोरच्याला कळतं, तो पण गाडीच चालवतोय.

वेळ किती असतो ते पण बघा. दोघंही ताशी ४५ मैलांनी चाललात तर एकमेकांकडे येण्याचा वेग झाला ९० मैल, म्हणजे सेकंदाला ४० मीटर. समोरची गाडी १०० मीटरवर ओळखू आली तर ती बाजूने निघून जाईपर्यंत तुमच्याकडे अडीच सेकंद. त्यातला एक सेकंद तर "ही मियाटाच आहे का" यात जातो. म्हणून मोठ्ठा हात हलवत बसायचं काही कारण नाही, टाटा करतो तसं तर अजिबात नको. स्टिअरिंगवरून चार बोटं उचला, पंजा समोर, झालं. टॉप उघडा असेल तर हात विंडशील्डच्या वर जाईल एवढा सरळ उचलला की फार छान दिसतो, लांबून दिसतो, पण साठच्या स्पीडला वाऱ्याचा दणका बसतो हाताला, सैल सोडलेला हात एकदम मागे जातो, तर कोपर दारावर टेकवून मग उचला. बाहेर काढून खाली लोंबता ठेवलेला, दोन बोटं जमिनीकडे केलेला हात हा बाइकवाल्यांचा आहे, त्यांचा उजवा हात थ्रॉटलवर असतो म्हणून ते डाव्याने तसं करतात. आपण त्यांची नक्कल करायची नाही, उगाच वाटतं गाडीतून काहीतरी पडलं.

आणि वळणावर नाही. हे मी वेगळं लिहितोय कारण सगळे नेमके तिथेच करतात, वळणावरच गाडी अचानक समोर येते म्हणून उत्साहात हात जातो. स्कायलाइनला, म्हणजे हायवे ३५ ला, रेडवुडच्या सावलीत वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, आणि शनिवार-रविवारी सायकलवाले भरपूर असतात. कॅलिफोर्नियात सायकलला ओलांडताना किमान तीन फूट अंतर सोडायचा कायदा २०१४ पासून आहे आणि एका हाताने, लक्ष समोरच्या लेनमधल्या गाडीकडे असताना, ते तीन फूट कधी दीड होतात ते कळत नाही. सायकलवाला दिसला की नमस्कार-चमत्कार सगळे बंद.

कोणाला करायचा? मियाटाने मियाटाला, कुठलीही जनरेशन असो. पहिली जनरेशन म्हणजे जुनी एनए, पॉपअप म्हणजे बॉनेटमधून वर येणाऱ्या हेडलाइटवाली, १९९७ पर्यंतची, ती तर सगळ्यांची लाडकी, ती दिसली की नव्या गाडीवाल्याने आधी हात करायचा अशी रीत आहे आणि मला ती पटते, वडीलधारं माणूस समोर आलं की आपणच आधी वाकतो ना, तसं. मग एनबी, मग जरा गुबगुबीत एनसी, मग हल्लीची डोळे बारीक केलेली एनडी. एनसीवाल्यांना जुने लोक थोडं कमी लेखतात, का ते मला कधी कळलं नाही, बिचारी चांगली गाडी आहे, तुम्ही हात करा. फियाट १२४ स्पायडर दिसली तर? करा. ती हिरोशिमाला एनडीच्या जोडीनेच बनायची, फक्त कपडे आणि इंजिन इटालियन, मालक मात्र हात केला की जरा जास्तच खूश होतात कारण त्यांच्या गाड्या मुळातच कमी आहेत. जुनी एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर, अल्फा स्पायडर दिसली तर तुम्हीच आधी करायचा, आणि त्यांनी नाही केला तरी काही वाटून घ्यायचं नाही, त्या माणसाला त्या क्षणी टेंपरेचरच्या काट्याकडे बघायचं असू शकतं.

सुबारू बीआरझेड, टोयोटा ८६, होंडा एस२००० हे चुलतभाऊ. मी करतो. निम्मे उत्तर देतात.

कॉर्व्हेटवाले आपापसात करतात, आपल्याला करतीलच असं नाही. पोर्शचं जरा गंमतशीर आहे. जुन्या एअरकूल्ड, म्हणजे हवेने गार होणाऱ्या इंजिनच्या ९११, १९९८ पर्यंतच्या, त्यांचे मालक एकमेकांना आवर्जून ओळख देतात आणि जुनी मियाटा बघून आपल्याला पण देतात. नव्या ९११ वाल्याला इकडे रोज ऑफिसला जाताना वीस ९११ दिसत असतील, तो कुणाकुणाला हात करणार. मस्टँगवाल्यांचं मूडवर असतं. जीपवाल्यांचा सगळा वेगळा कारखाना, स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायची पद्धत आणि आता तर एकमेकांच्या गाडीवर रबराची बदकं ठेवून जातात, ते २०२० मध्ये कॅनडातून सुरू झालं. आपण त्यात पडायचं नाही, पण जीपवाल्याने चुकून हात केला तर उत्तर द्यायचं. उत्तर सगळ्यांना द्यायचं, मग ती मिनिव्हॅन का असेना. मागच्या सीटवरून एखादं पोरगं हात करतं ना, त्याला तर द्यायचंच, तिथे आखडू नये.

गाडीच्या किमतीवरून मात्र ठरवू नका कोणाला करायचा ते. आपल्या लोकांना ही सवय आहे, लॅम्बोर्गिनी दिसली की जोरात हात आणि पत्रा गंजलेली एनए दिसली की दुर्लक्ष. उलटं करा. त्या एनएवाल्याने तुमच्यासाठी चार बोटं उचलली असती.

शेजारी कोणी बसलं असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे आई पुण्याहून आली होती तेव्हा तिला फिरवायला नेलं, स्कार्फ बिर्फ बांधून मस्त बसली होती. समोरून एक लाल एनबी आली, हात झाला.

"कोण रे तो?"

"कोणी नाही गं."

"मग हात कशाला केलास?"

"अगं त्याची पण हीच गाडी आहे."

"हो? मग आपल्या सोसायटीत सगळ्यांच्याच स्विफ्ट आहेत, कोणी बघत पण नाही एकमेकांकडे."

पुढच्या वळणापासून ती स्वतःच हात करायला लागली, मियाटाला, टेस्लाला, घोड्यांच्या ट्रेलरला, एका टपालाच्या गाडीला. खरं सांगायचं तर शेजारच्याने हात करणं ही सगळ्यात सोयीची पद्धत आहे, त्याचे दोन्ही हात मोकळे. फक्त तो पलीकडच्या बाजूला बसतो म्हणून टॉप उघडा असेल तरच दिसतं, आणि हात ड्रायव्हरच्या नाकासमोरून न्यायचा नाही, सरळ वर.

आता दिवे आणि हॉर्न. नको. एवढंच लिहून थांबलो असतो पण लोक ऐकत नाहीत. हेडलाइट मारला की समोरच्याच्या डोक्यात चार गोष्टी येतात, पुढे पोलीस आहे, माझा हायबीम चालू आहे, रस्त्यात हरीण आहे, झाड पडलंय, आणि स्कायलाइनला यातल्या शेवटच्या दोन खरोखर असतात. म्हणजे तुम्ही "हाय" म्हणालात आणि तो पुढचे दोन मैल हरीण शोधत गेला. शिवाय कॅलिफोर्नियात समोरची गाडी ५०० फुटांच्या आत आली की हायबीम खाली करायचा नियम आहे. हॉर्नचं तर कायद्यातच आहे की तो धोक्याची सूचना द्यायला वापरायचा, नमस्काराला नाही. मियाटाचा हॉर्न तसाही असा काही भारदस्त नाही की ऐकून कोणाला आनंद व्हावा.

एकच सूट देतो, पॉपअपवाल्या एनएला. त्या गाडीत डॅशबोर्डवर हझार्डच्या बटणाशेजारी हेडलाइटची झाकणं नुसती वर-खाली करायचं वेगळं बटण असतं, दिवे न लावता. दिवसा, पार्किंगमध्ये किंवा सिग्नलला उभे असताना समोर दुसरी एनए असेल तर झाकणं एकदा वर, एकदा खाली. त्यात डोळ्यावर प्रकाश येत नाही, आवाजही फक्त मोटरचा घुर्र, आणि शेजारच्या गाडीतली पोरं खिदळतात. काही लोक वेगळं मॉड्यूल बसवून एकच डोळा मारायची सोय करून घेतात, हौसेला मोल नाही. पण त्या मोटरी तीस वर्षांच्या म्हाताऱ्या आहेत, दर सिग्नलला खेळ करू नका.

कुठे करायचा हे पण आहे. दोन लेनचा, दुभाजक नसलेला रस्ता, ३५, ८४, सॅराटोगाकडे उतरणारा ९, समुद्राकाठचा हायवे १, इथे. १०१ आणि २८० या मोठ्या फ्रीवेंवर नाही, शहरातून जाणाऱ्या एल कमीनो रस्त्यावर तर विचारच करू नका, तिथे हात केला की लोकांना वाटतं लेनमध्ये घ्या म्हणतोय. हायवेला त्याच दिशेने जाणारा कोणी शेजारी आला तर एकदा मान हलवायची आणि आपला वेग बदलून पुढे किंवा मागे व्हायचं. शेजारी शेजारी चालत राहिलात की त्याला वाटतं रेस लावायची आहे, किंवा मागच्या पोलिसाला वाटतं. सिग्नलला इंजिन रेझ करणं हे पण आमंत्रणच समजलं जातं. रस्त्यावर रेस लावताना सापडलात तर कॅलिफोर्नियात गाडी ३० दिवस जप्त होऊ शकते, मग महिनाभर बसा ट्रेनमधून लोकांना हात करत.

क्लबचा ताफा समोर आला, दहा-पंधरा मियाटा ओळीने, तर प्रत्येकाला वेगळा हात करायला जाऊ नका, वेड लागेल. पहिल्याला करायचा आणि रस्ता सरळ असेल तर बोटं तशीच वर ठेवायची, सगळे निघून जाईपर्यंत. ताफ्यात तुम्ही असाल तर हे काम सगळ्यात पुढच्याचं आणि सगळ्यात मागच्याचं, मधल्यांनी पुढच्या गाडीच्या ब्रेकलाइटकडे बघावं.

आणि एक हात असा आहे की जो चुकवायचा नाही. कोणी रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभा आहे, मग गाडी कुठलीही असो, वेग कमी करायचा आणि अंगठा वर करून प्रश्नार्थक चेहऱ्याने बघायचं. त्याने अंगठा वर केला तर तो ठीक आहे, फोटो काढतोय किंवा गाडी गार करतोय, तुम्ही निघा. त्याने दोन्ही हात पसरले किंवा मान हलवली तर पुढे जागा बघून थांबायचं. ला होंडाच्या बाजूला फोनला रेंज धड येत नाही, तिथे थांबून निदान "खाली गेल्यावर कोणाला फोन करू" एवढं विचारलं तरी पुष्कळ होतं.

८४ आणि ३५ जिथे भेटतात तिथे ॲलिसेस रेस्टॉरंट आहे, वीकेंडला सकाळी अर्धी बे एरिया तिथे गाड्या आणि बाइक घेऊन येते. रस्त्यावर हात केलेला माणूस तिथे भेटला तर बोलायला हरकत नाही, तो बोलणारच. कुठलं साल, गिअरबॉक्स ओरिजिनल का, टॉप बदलला का, हे विचारा. "केवढ्याला पडली" हा आपला राष्ट्रीय प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत नको. गाडीला हात लावायच्या आधी विचारा, दारावर रेलू नका, जीन्सच्या बटणाचे ओरखडे पडतात.

हात केला आणि समोरच्याने बघितलंही नाही तर? सोडून द्या. ऊन त्याच्या डोळ्यावर असेल, विंडशील्डवर आकाशाचं प्रतिबिंब असतं त्यात तुम्ही दिसलाच नसाल, तो गिअर टाकत असेल, किंवा भाड्याची गाडी असेल आणि त्याला ही भानगडच ठाऊक नसेल. रात्री तर कोणाला काहीच दिसत नाही, तेव्हा करूच नका.

लंडन-स्लाउकडच्या मंडळींसाठी थोडक्यात. तिकडे हिला एमएक्स-५ म्हणतात, स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे सगळं आरशातल्यासारखं उलटं, उजवा हात वर आणि डावा गिअरवर. तिकडच्या हायवे कोडच्या ११० नंबरच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की दिवा फक्त "मी इथे आहे" हे कळवायला मारायचा, दुसरा कुठलाही निरोप द्यायला नाही. जर्मनीत पण गावाबाहेर ओव्हरटेक करताना किंवा धोका असेल तेव्हाच दिवा मारायला परवानगी.

आणि सुट्टीवर भारतात घरी गेलात, मित्राची कुठली उघडी गाडी किंवा थार चालवायला मिळाली, तर इकडची सवय इकडेच ठेवून जा. इकडे दिवा मारला की लोक समजतात "तू जा", आपल्याकडे डिपर म्हणजे "मी येतोय, तू थांब", आणि यात गल्लत झाली तर अरुंद पुलावर दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. हॉर्न वाजवून नमस्कार केलात तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, ट्रकमागचं हॉर्न ओके प्लीज २०१५ मध्ये महाराष्ट्रात बंद केलं तरी वाजवणं काही बंद झालं नाही. हात मात्र चालतो, तो आपल्याकडे आधीपासूनच आहे. समोरासमोर आलेले दोन एसटी ड्रायव्हर एकमेकांना हात करतात तो बघा, खिडकीतून नुसता पंजा, चेहऱ्यावर रेष हलत नाही, याहून चांगला धडा कुठे मिळणार नाही. बुलेटवाल्यांचा उजवा हात थ्रॉटलला आणि समोरचा जातो उजवीकडून, म्हणून ते मान हलवतात, त्यांना मानेनेच उत्तर द्या. घाटात उतरत असाल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, वर येणारा ट्रकवाला जाता जाता खिडकीतून हात वर करतो, त्याला तुम्ही पण करा, आणि मग हँडब्रेक सोडून पुढे निघा.